मंजुळा मॅडमचं नाव गाळायचं नाही

मेलेल्या माणसाला लिंकवर क्लिक करता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वेबसाइटला कळत नव्हती.

आज मंजुळा मॅडमना जाऊन वर्ष झालं. माझ्या पीएचडीच्या गाइड. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या, नजरबादला राहायच्या.

मी लातूरची. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "स्वल्प बस ग. सुम्ने घाबरतेस तू." सुम्ने म्हणजे उगाच. त्यांचं असं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून मला हसू आवरेना.

तर म्हणाल्या, "हस हस. तुझं मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं आहे कणे."

फिट्टंफाट.

आमचा विषय इन्फर्मेशन सिस्टिम्स. माझ्या आत्याला अजून वाटतं मी कंप्युटर दुरुस्त करते. मागच्या दिवाळीत तिने बंद पडलेला प्रिंटर माझ्यासाठी काढून ठेवला होता.

आमचा पेपर म्हैसूरजवळच्या हुणसूरच्या तंबाखू शेतकऱ्यांवर. लिलावातला भाव त्यांना फोनवर मेसेजने कळतो. तरी ते लिलावाच्या जागी असलेल्या एखाद्या भाच्याला फोन लावतात आणि विचारतात, खरंच एवढाच लागला का रे?

मेसेज आलेला असताना भाचा कशाला लागतो, हा आमचा प्रश्न.

मॅडम म्हणायच्या, "सिस्टीम म्हंजे नुसता फोन नव्हे. फोन, मेसेज आणि तो भाचा, सगळं मिळून सिस्टीम. अल्वा, खरं ना?"

पहिल्या जर्नलने पेपर रिजेक्ट केला. मी डिपार्टमेंटच्या जिन्यात रडत बसले होते.

मॅडम आल्या. मेल वाचला. पर्स उचलली.

"चल, डोसा."

तो त्यांचा नियमच होता. पेपर परत आला की डोसा. ॲक्सेप्ट झाला तर काही नाही.

"ॲक्सेप्ट झाल्यावर पोट भरलेलंच असतं की. नको म्हटल्यावर खायला पायजे."

पीएचडीत मी भरपूर डोसे खाल्ले.

पुढच्या जर्नलने सुधारून पाठवा म्हणून कळवलं. एका रिव्ह्यूअरचं म्हणणं, शीर्षकातलं हुणसूर काढा. जगभरच्या वाचकांना ते कुठे माहीत? त्याऐवजी "विकसनशील देशातील एक ग्रामीण भाग" असं लिहा.

मी एका पायावर तयार. त्याने सांगितलं असतं तर मी कर्नाटकसुद्धा काढलं असतं.

मॅडम भडकल्या. "बेड कणे, मुळीच नको. ज्यांनी आपल्याला घरात बसवून कॉफी दिली ते काय एक ग्रामीण भाग होते? नाव गाळायचं नाही. का ठेवलं ते नीट समजावून लिही."

पानंच्या पानं समजावलं. हुणसूर राहिलं.

तोवर मॅडम आजारी पडल्या होत्या. शेवटचं व्हर्जन त्यांनी हॉस्पिटलच्या कॉटवर वाचलं. "आयतु, झालं. पाठव आता," म्हणाल्या.

मी पाठवलं, आणि थोड्याच दिवसांत मॅडम गेल्या.

त्यानंतर पेपर ॲक्सेप्ट झाला.

सगळ्या लेखकांनी आपापल्या मेलवर आलेली लिंक दाबून संमती द्यायची, मग पेपर छापायला जाणार. जर्नलच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे हिरवी खूण. मॅडमच्या नावापुढे लाल अक्षरांत "संमती बाकी".

मुदत संपली की पेपर रद्द. आणि पेपरशिवाय माझा थीसिस जमा होणार नव्हता. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

हेल्पडेस्कला लिहिलं. उत्तर लगेच आलं. बॉट होता, फार नम्र. म्हणाला, प्रतिसाद न देणाऱ्या लेखकाचे नाव वगळावे.

प्रतिसाद न देणाऱ्या म्हणे. मी लॅपटॉप धाडकन मिटला.

मैत्रिणी म्हणाल्या, काढून टाक ना, आभारात लिही. व्यवहाराने बरोबरच होतं त्यांचं.

मॅडमचा मुलगा श्रीधर म्हणाला, "अम्माचा फोन चालू आहे. मेल उघडतो, तू क्लिक कर. कुणाला कळणार?"

फोन माझ्या हातात दिला त्याने. वॉलपेपरवर त्यांची मांजर. खोटं कशाला बोलू, मोह झाला.

पण मॅडम गेल्यात हे लपवून त्यांचं नाव ठेवायचं, हे काही घशाखाली उतरेना. त्या गेल्या हेही खरं आणि पेपर त्यांचा हेही खरं. मी फोन परत दिला.

मग आठवलं, हुणसूरवाले काय करतात? मेसेजने भागलं नाही की माणूस गाठतात.

मी थेट जर्नलच्या मुख्य संपादकांना लिहिलं. परदेशातल्या कुणी बाई, कधी भेट नाही, ओळख नाही. लिहिलं की मॅडम गेल्या. शेवटचं व्हर्जन त्यांनी वाचलं होतं. त्यांचं नाव मी गाळणार नाही. आता काय करायचं ते तुम्ही सांगा.

पाठवलं आणि सारखी मेल उघडून बघत बसले.

बाईंचं उत्तर आलं. "नाव राहील. संमतीची नोंद मी स्वतः करते. तुमच्या मॅडमबद्दल ऐकून वाईट वाटलं."

आणि खाली एक ओळ. "हुणसूर कुठे आहे ते मी आज नकाशावर शोधलं."

ती ओळ वाचून मी श्रीधरला फोन केला आणि दोघंही रडलो.

परवा पेपर छापून आला. शीर्षकात हुणसूर आहे. मॅडमच्या नावापुढे एक बारीक खूण, आणि पानाच्या तळाला लिहिलंय की त्या आता नाहीत.

नियमाप्रमाणे डोसा नाही. नाहीच खाल्ला.

आज सकाळी मात्र माझी ज्युनियर कविता तोंड पाडून आली. तिचा पहिलाच पेपर परत आलाय. मी मेल वाचला आणि पर्स उचलली.

"अक्का, तुम्ही रागावणार नाही?"

"आधी खा. गार होतो."

अर्धा डोसा संपेपर्यंत ती आता कुठल्या जर्नलला पाठवायचा ते सांगायला लागली होती. मी ऐकत होते आणि मला मॅडमची फार आठवण येत होती.

मॅडम, मनापासून नमस्कार.

तुमचं नाव गाळलेलं नाही.