वहीत चिकटवलेली गॅरंटी

पडदा वर जातो तेव्हा नागपूरच्या तांडापेठेतलं एक दोन खोल्यांचं घर दिसतं. उजवीकडे खिडकी आणि तिच्यातून आत आलेलं सकाळचं तिरपं ऊन. मधोमध पाटावर ईश्वरदास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डावीकडे त्यांच्या पत्नी रुख्माबाई मेथी निवडत बसलेल्या. त्या गप्प आहेत, आणि रुख्माबाई गप्प बसणाऱ्यांतल्या मुळीच नव्हेत.

त्यांची कानाची मशीन बंद पडली होती. नात मयुरीनं ती परदेशातल्या एका दुकानातून ऑनलाइन मागवलेली, वर्षाच्या गॅरंटीसह. चौथ्याच महिन्यात तिनं मान टाकली. सुरुवातीला रुख्माबाई सगळ्यांना "काय म्हनलं?" विचारत, मग समोरच्यांचे कंटाळलेले चेहरे पाहून त्यांनी बोलणंच सोडलं. भजनालाही जाईनात. बर्डीच्या बाजारातल्या, कानाच्या मशीन विकणाऱ्या दुकानदारानं ती उलटसुलट करून परत दिली. "हा इकडचा माल नाही काका. घेतला तिथंच पाठवा."

मयुरीनं फोटो जोडून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं : मशीनच्या डबीखाली चिकटवलेला नंबरचा कागद काढलेला आहे, सबब गॅरंटी रद्द.

"कागद कोनं काढला गा आबा?"

"मी!" ईश्वरदास छाती काढून म्हणाले. "वहीत जपून ठेवला ना!"

उमेदीची वर्षं त्यांनी हातमागावर काढली होती. पुढे हिंगण्याच्या कारखान्यात पहारेकरी झाले, पण सवयी मागावरच्याच राहिल्या. साडी विणकरांच्या सोसायटीत देताना तिच्यावरची आपल्या नंबराची अर्धी चिठ्ठी फाडून वहीत चिकटवायची. दोष निघून साडी परत आली, की दोन्ही अर्ध्या जुळवायच्या आणि मुकाट्यानं दुसरी विणून द्यायची.

"अरे आबा, पण इथं कागद काढला की गॅरंटी संपते!"

"काहून? माल त्यायचा, नंबर त्यायचा. बिलावर पाह्य ना पोरी."

बिलावर तोच नंबर होता. मग मयुरीनं कंपनीच्या अटी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. नंबर वाचता यावा आणि बिलाशी जुळावा, एवढंच लिहिलं होतं. कागद डबीवरच हवा, असं कुठेच नव्हतं. वहीचं पान, बिल आणि डबीला चिकटून राहिलेला कागदाचा कोपरा, तिन्हींचे फोटो गेले. खाली ईश्वरदासांनी एक वाक्य हट्टानं लिहवून घेतलं : "आमची साडी वापस आली तं आमी तोंड नाही लपवलं."

नवव्या दिवशी होकार आला. पाठवायचा खर्च यांचा, परतीचा त्यांचा. मशीन समुद्रापार गेली ती सात आठवडे आलीच नाही. तोवर ईश्वरदास रोज संध्याकाळी बायकोसमोर बसून गल्लीच्या बातम्या सांगत, भांडणं असली तर हातवाऱ्यांसकट. त्या कधी हसत, कधी नुसत्या पाहत राहत.

कुरियरवाला आला त्या दिवशी मयुरीनं मशीन आजीच्या कानात बसवली. आत कुकरची शिट्टी झाली. रुख्माबाई दचकल्या, आणि मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. ईश्वरदास पाट ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बोल वं आता," ते म्हणाले. "इतके दिवस मीच बोलून राहिलो."