पावणेदोनशे पावलं

माझ्या सासूबाई, डॉक्टर सुप्रभा वाटवे, यांनी आयुष्यात एकदाही पायात स्की घातली नाही. पण कार्नशीलच्या डोंगराला स्कीइंगच्या नादी लावलं ते त्यांनीच, आणि उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं असताना ते रोखून धरलं तेही त्यांनीच. गावात अजून काही जण पहिल्या गोष्टीसाठी त्यांचे आभार मानतात आणि दुसरीसाठी त्यांना घाबरतात.

कार्नशील हे दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगरातलं शिशाच्या खाणीचं गाव. एडिनबराहून गाडीने दीड तास. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक पाटी आली, एक पडकं धुराडं आलं, दगडी घरांच्या दोन रांगा आल्या आणि गाव संपलं. ‘‘हेच?’’ मी विचारलं. ‘‘हेच,’’ सुयश म्हणाला. सुयश म्हणजे माझा नवरा, त्याच घरांपैकी एकात वाढलेला. मी नागपूरची, आमच्याकडे एवढ्या वस्तीला ले-आउट, म्हणजे साधी कॉलनीसुद्धा म्हणत नाहीत.

पण याच गावात एके काळी दोन हजार माणसं होती. खाणकामगारांनी स्वतः वर्गणी काढून वाचनालय उभारलं होतं. मग शिसं संपत आलं. खाण १९७३ साली बंद झाली, त्याच्या दोनच वर्षं आधी आई तिथे डॉक्टर म्हणून आल्या. आधी त्या एडिनबराच्या हॉस्पिटलात होत्या. कार्नशीलची सर्जरी, म्हणजे तिथला दवाखाना, कुणीच घ्यायला तयार नव्हतं. आईंनी घेतला. ‘‘कुणाला नको होता म्हणून तर मला मिळाला,’’ त्या सांगायच्या. ‘‘पहिले सहा महिने लोक दुखणं अंगावर काढायचे पण माझ्याकडे यायचे नाहीत. मग एका रात्रीत तीन बाळंतपणं केली. नंतर कुणी काही बोललं नाही.’’

खाण गेली, तरुण गेले, मेंढ्या राहिल्या. २००४ पर्यंत शाळेत अकरा मुलं उरली होती आणि कौन्सिल ती शाळा बंद करायच्या विचारात होतं. निवृत्त झालेल्या आईंनी मग कंबर कसली. डोंगरावर बर्फ पडतो, एडिनबराचे विद्यार्थी तसेही येऊन घसरतात, मग माणसांना वर ओढून नेणारी दोरी का लावू नये? तिला तिथे टो म्हणतात. त्यांनी कमिटी केली, अध्यक्ष झाल्या, अनुदान आणलं. खाणीच्या मॅनेजरचा बंगला हॉटेल झाला. ज्या दिव्यांच्या उजेडात माणसांनी फुप्फुसं घालवली, ते दिवे तिथल्या बारमध्ये शोभेला टांगले. आई तिकडे बघायच्या नाहीत, पण बोलायच्याही नाहीत. शाळा वाचणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं.

२००६ च्या डिसेंबरात उद्घाटन ठरलं. आणि इथेच त्यांची वही आडवी आली.

आई घरोघरी पेशंट बघायला जायच्या तेव्हा रोजची वही लिहायच्या, ती मराठीत. कारण साधं होतं. एवढ्याशा गावात कुणाची वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि कुणाला काय झालंय हे डॉक्टरपाशीच राहिलं पाहिजे. या वहीत १९७६ च्या एका पानावर ॲलेक टेनंट नावाच्या म्हाताऱ्या कामगाराची गोष्ट होती. तरुणपणी त्याने खाणीत हवा जाण्यासाठी खोदलेली एक उभी विहीर बुजवली होती. बुजवली म्हणजे काय, रेल्वेचे लाकडी स्लीपर आडवे टाकले आणि वर माती लोटली. कंपनीच्या नकाशात ती विहीर नव्हतीच. मरायच्या आधी ॲलेक आईंना डोंगरावर घेऊन गेला. धुराड्यापासून वरच्या दगडांच्या ढिगाकडे सरळ रेषेत चालला. आईंनी त्याची पावलं मोजली. ‘‘लाकूड कुजतं, डॉक्टर,’’ तो म्हणाला होता. ‘‘या डोंगरावर कधी काही बांधायला निघाले, तर तुम्ही सांगा. मी नसेन.’’ आईंनी शब्द दिला होता.

त्यांनी वेळेवर सांगितलंही. ऑगस्टमध्येच कमिटीपुढे विषय काढला. इंजिनियरांनी वहीतली माहिती इंग्रजीत मागितली. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं, म्हणून ते पान सुयशने वाचून इंग्रजीत मेल केलं. सप्टेंबरात इंजिनियर वरच्या रस्त्याने मशीन घेऊन आले, भोकं पाडली आणि गेले. काही सापडलं नाही, असा रिपोर्ट आला.

उद्घाटनाआधीच्या शनिवारी आम्ही दोघं गावी गेलो होतो. जेवताना सुयश म्हणाला, ‘‘आई, तुला रिलॅक्स व्हायला हवं. त्यांनी टू हंड्रेड स्टेप्सवर ड्रिल केलं. नुसती खडक लागली.’’

आईंचा घास हातात राहिला. ‘‘किती स्टेप्सवर?’’

‘‘टू हंड्रेड. तू लिहिलंय ना, पावणेदोनशे. पावणे म्हणजे पाऊण. थ्री क्वार्टर्स. दोनशे आणि पाऊण. पाऊण पाऊल कोण मोजतो, म्हणून मी ते सोडला.’’

मी आधी हसले. खोटं कशाला बोलू, भाकरीचा तुकडा घशात अडकेपर्यंत हसले. मग आईंचा चेहरा पाहिला.

‘‘एकशे पंच्याहत्तर, सुयश,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर हे माहीत आहे ना? दोनशेला पाव शेकडा कमी, ते पावणेदोनशे.’’

सुयश पांढराफटक पडला. एकशे पंच्याहत्तर पावलांवर काय होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. टो धरण्यासाठी शिकाऊ मुलांनी जिथे रांग लावायची, ती सपाट जागा. पुढच्या शनिवारी शाळेची मुलं तिथेच उभी राहणार होती.

आईंनी तिथल्या तिथे पीटरला फोन लावला. पीटर कमिटीचा सेक्रेटरी, मेंढपाळ, डोक्याने तापट. तो अर्ध्या तासात दारात. ‘‘डॉक्टर, इंजिनियरचा रिपोर्ट स्वच्छ आहे. हॉटेल भरलंय. मार्चमध्ये कौन्सिल शाळेचं ठरवणार. आता थांबलो तर सीझन गेला आणि शाळाही गेली. माझ्या मेंढ्या तीस वर्षं तिथे चरताहेत, एक तरी गायब झाली का?’’

‘‘तुझ्या मेंढ्या रांग लावत नाहीत, पीटर,’’ आई म्हणाल्या. ‘‘आणि बर्फ दाबायचं दोन टनांचं यंत्रही चालवत नाहीत. उद्या सकाळी जेसीबी आण. तिथे काही निघालं नाही तर मी अध्यक्षपद सोडते, आणि वेडी म्हातारी म्हणून तू गावभर सांग.’’

मी त्यांना बाजूला घेतलं. ‘‘अहो आई, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एखादं पाऊल इकडेतिकडे झालं असेल तर?’’

‘‘मी हजार बाळांच्या नाड्या मोजल्यात, ऋजुता. मोजण्यात मी चुकत नाही.’’

हा त्यांचा स्वभाव. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला तो गर्विष्ठपणा वाटायचा.

रविवारी सकाळी बर्फ नव्हता, नुसतं पिवळं गवत आणि वारा. अर्धं गाव जमलं होतं, बरेचसे रागातच. आई एक-दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. ‘‘ही पावलं माझी नव्हतीच. ॲलेकची होती. सहा फुटांचा माणूस.’’ त्यांनी मागे पाहिलं. तिथे सहा फुटांचा एकच माणूस होता ज्याच्यावर त्या हुकूम चालवू शकत होत्या.

सुयशच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक पीटरच्या हातात दिलं. सुयश धुराड्यापासून चालू लागला आणि आई मागून मोजू लागल्या. मोठ्याने, मराठीत, शाळेत पाढे म्हणतात तशा. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’. गावकरी एकमेकांकडे बघत होते. सुयशलाही निम्मे आकडे कळत नसणार, पण तो मान न वळवता चालत होता. चूक त्याची होती आणि ती त्याला पायांनीच फेडायची होती, हे त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं.

‘‘एकशे अठ्ठावन्न. एकोणसाठ. एकशे साठ.’’ आणि आई ओरडल्या, ‘‘थांब!’’

सुयश थांबला.

‘‘मागे ये. आल्या पावली मागे ये.’’

‘‘डॉक्टर, अजून तर पोचलाही नाही!’’ पीटर म्हणाला.

‘‘पोचायला नकोच. जेसीबी,’’ आई म्हणाल्या.

जेसीबीवाल्याने बाजूच्या खडकावरून हात लांब केला आणि पुढची जमीन खरवडली. एकदा माती निघाली. दुसऱ्यांदा काळं, भुसभुशीत लाकूड निघालं. तिसऱ्या वेळी त्याने नुसतं टेकवलं, आणि खोलीएवढं गवत एकदम खाली गेलं. आवाज बऱ्याच वेळाने आला. वारा असूनही सगळ्यांनी तो ऐकला. पीटरच्या हातात दोर तसाच होता, तो त्याने सोडलाच नाही.

विहीर काँक्रीटने भरायला फेब्रुवारी उजाडला. टो पश्चिमेच्या उतारावर हलवला, अर्धा सीझन बुडाला, आणि मार्चमध्ये आईंनी कौन्सिलपुढे उभं राहून असं भाषण केलं की शाळेला दोन वर्षं मिळाली. पुढे आणखी मिळाली. पण मला तो रविवारच आठवतो.

सगळे त्या भोकाशी गेले होते. सुयश कमरेचा दोर सोडत आईंपाशी आला. ‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘पंधरा पावलंच राहिली होती.’’

‘‘पंधरा कसली रे? तुझ्या हिशेबाने चाळीस होती,’’ आई म्हणाल्या, आणि अख्ख्या गावादेखत त्याच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.