पंख्याच्या जाळीवरची चुनरी

जळगावातल्या त्या वर्कशॉपात शहाणा माणूस एकच होता, साहेब, आणि त्याच्या डोक्यावर बसलेले आम्ही सगळे गाढव.

साहेबांनी उमेदीची वर्षं दक्षिणेतल्या एका कारखान्यात मोटारसायकलींचे आराखडे काढण्यात घालवली होती. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला, म्हातारपणी, ते शेतपंपाच्या डिझेल इंजिनावर चालणारी मोटारसायकल बनवत होते. पैसा नानांचा. नाना म्हणजे डाळमिलवाले आमचे मालक. एरंडोलपर्यंत गाडी न थांबता गेली तर आणखी दहा काढायच्या, नाही तर धंदा बंद, असं ठरलं होतं.

मी आठवीत शाळा सोडून कोल्हापूरकडून आलेला. राहणं-जेवण नानांकडे, ड्रॉइंग वाचायला शिकवलं साहेबांनी. आज त्याच विद्येवर जेवतो.

चाचणीच्या सकाळी साहेब एसटीने पुढे एरंडोलला गेले. जाताना मला म्हणाले, "पंख्याची जाळी उघडी ठेव. इंजिन गार राहतं ते तिच्यामुळेच."

ते गेले आणि पूजा सुरू झाली. नारळ, हार, चाकाखाली लिंबं. वर नानांनी देवीची लाल चुनरी आणली आणि नेमकी जाळीवरच करकचून बांधली.

"नाना, हवा..."

"बठ्ठं पुस्तकमा नही ऱ्हास, भो! सगळं पुस्तकात नसतं. पूजेचं कापड फेरी होईस्तोवर काढत नाहीत."

जमलेले पाहुणे हसले. "नाना, ह्या पोराले इंजिनियर करा आते!"

मी चुनरीला हात लावला नाही. परत गावी जायची भीती होती, दुसरं काय.

गाडी मी चालवली, नाना मागे. एरंडोल चार-पाच किलोमीटरवर आलं आणि इंजिन तापून जाम झालं. नानांनी चुनरी सोडली, घडी घालून खिशात ठेवली. देवीपेक्षा अब्रू मोठी. अर्ध्या तासाने, आम्हाला शोधत आलेले साहेब टेम्पोतून उतरले. इंजिनाला हात लावला, चटका बसला तसा मागे घेतला.

"जाळी उघडी होती?"

नाना माझ्याकडे बघत होते.

"होती, साहेब."

साहेबांनी वहीत लिहिलं : जाळी उघडी. पंखा कमी पडतो.

नानांनी त्याच संध्याकाळी धंदा बंद केला. साहेबांनी मात्र दिवाळीपर्यंत आपल्या खोलीत मोठ्या पंख्याचे आराखडे काढले, एकामागून एक. डाळमिलला सुटी असली की मी त्यांच्याकडे जायचो. ते मापं सांगायचे आणि मी, बेशरम, ती नीट लिहून घ्यायचो.