दाब धरू द्या

मामा बोलताना दोन्ही हात पँटच्या खिशात ठेवत. कुणी नमस्कार केला तर मानेनं घेत, रस्ता दाखवायचा तर हनुवटीनं दाखवत. तुमच्याही गल्लीत असा एखादा गृहस्थ असेल, जो खिशात हात घालून दुसऱ्याच्या कामावर देखरेख करत उभा असतो. आम्ही तो रिटायर्ड माणसाचा रुबाब समजत होतो. खरं कारण असं होतं की त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ज्या हातानं वाळूजच्या कारखान्यात जन्मभर फिटिंग केली तोच हात, आणि हे कुणाला कळू नये एवढीच त्यांची धडपड होती. मला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा गाढवपणा तुम्हाला नीट बघता येईल.

आमची कॉलनी हर्सूलच्या बाजूला. मामांचं घर आमच्या समोरचं. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची, आणि मी मामा म्हणतो म्हणून ते मला भाचेबुवा म्हणायचे. कारखान्यात ते फिटर, आणि पुढं गाड्यांच्या रेडिएटरच्या गळती तपासणीवर होते. तयार रेडिएटरमध्ये दाबानं हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, बुडबुडा दिसतो का बघायचं. दिसला की माल परत. त्यामुळं जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीवर त्यांचं एकच मत असे. कुणी सांगितलं, शहराला नवी पाइपलाइन येतेय, तर म्हणायचे, "दाब धरू द्या, मग बोलू." कोपऱ्यावरच्या पाटलांना नवा जावई मिळाला, सगळे गुण गात होते, तेव्हाही मामा म्हणाले, "चांगला हाय. पण दाब धरू द्या."

माझा धंदा बिल्डरांना इमारती बांधायच्या आधी दाखवायचा. कॉम्प्युटरवर इमारत उभी करायची, तिच्या अंगणात झाडं लावायची, झाडाखाली हसरी माणसं उभी करायची. यासाठी एक दांडगं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते आमच्या मे महिन्यात इतकं तापायचं की काम अर्ध्यावर आलं की मशीन बंद. माझा पहिला इलाज असा की मी कॅबिनेटची बाजू उघडली आणि समोर घरचा कूलर लावला, पाणी भरलेला. दोन दिवसांत आत दमट धुळीचा लेप बसला. ही गोष्ट मी गल्लीत सांगितली तेव्हा तिला थोडं मीठ लावलं. कूलरमधला बेडूक मी माझ्या पदरचा घातला. लोक हसले. मामाही हसले, पण कार्ड किती तापतं ते नीट विचारून घेतलं.

दुसरा इलाज मी मागवला. वॉटर ब्लॉक. म्हणजे कार्डावरचे पंखे आणि त्यांच्याखालची पत्र्यांची जाळी काढून टाकायची, त्या जागी तांब्याचा एक ठोकळा बसवायचा आणि ठोकळ्यातून पाणी खेळवायचं. पाणी कार्डाची उष्णता घेऊन रेडिएटरला जातं, तिथं थंड होऊन परत येतं. खोकं उघडल्यावर बायको एवढंच म्हणाली की आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही कार्डाला रोज लावताय. मी सांगितलं, याला नळाचं चालत नाही, बॅटरीच्या दुकानातलं लागतं. ती म्हणाली, मग तर लाडकंच आहे.

रेडिएटर हा शब्द समोरच्या ओट्यापर्यंत पोचला आणि मामा हात खिशात घालून आमच्या दारात उभे राहिले.

त्या रविवारी सकाळी आम्ही टेबलावर जुनी चादर अंथरली. मामा खुर्चीत बसले आणि हुकूम सुरू केले. स्क्रू वाटीत टाकू नका, ज्या जागेचा तो त्या जागी ठेवा. म्हणून कागदावर कार्डाचं चित्र काढून त्याच्यावर एकेक स्क्रू मांडला. चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसायला लावली, कापडावर काळं येईनासं होईपर्यंत. नवी पेस्ट मी चिपवर घातली ती थालीपीठावर लोणी घालतात तशी. मामा शांतपणे म्हणाले, "मेहमान येणार हायत का?" मी पुसली, वाटाण्याएवढी घातली. मग बाजूच्या छोट्या चिपांवर रबरासारख्या मऊ पट्ट्या चिकटवल्या आणि ठोकळा वर ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. हे चमकतंय काय?" पट्ट्यांच्या वरचं प्लास्टिक मी काढलंच नव्हतं. आठही पट्ट्यांवर होतं. तसाच बसवला असता तर उष्णता प्लास्टिकखाली कोंडून कार्ड जळालं असतं.

सांगायचा मुद्दा, सकाळपासून त्यांनी कशालाही हात लावला नव्हता आणि सगळं काम त्यांनीच केलं होतं.

मग आले ते चार स्क्रू. चिपच्या चार कोपऱ्यांना, मागून आवळायचे. हेच खरे अवघड. एक बाजू जास्त आवळली तर चिपचा कोपरा तडकतो, कमी राहिली तर ठोकळा टेकत नाही. मामा सांगत होते, समोरासमोरचे घ्या, अर्धा आटा याला, अर्धा त्याला. मला बोटांना अंदाज येईना. तीनदा आवळले, तीनदा सैल करायला लावले. सकाळचे अकरा वाजलेले, घाम डोळ्यांत उतरत होता, दुसऱ्या दिवशी बिल्डरला काम द्यायचं होतं. मी वैतागून स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "मामा, नुसतं सांगताय काय. एवढं कळतंय तर तुम्हीच आवळा."

मामा टेबलाकडे वाकले. मग हात बाहेर काढले.

तेव्हा मी पहिल्यांदा तो हात पाहिला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि सुरुवात केली. पहिला, त्याच्या समोरचा, मग तिसरा, पुन्हा पहिला. काय सांगू तुम्हाला, स्क्रू जिथं थांबायचा तिथं आपोआप थांबत होता. चौथ्याला शेवटचा पाव आटा राहिला असताना ड्रायव्हर खाचेतून निसटला आणि बोर्डावर टिक् असा आवाज झाला. बारीकसा ओरखडा. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि दोघांनीही पाहिला नाही असं केलं. त्यांनी तो पाव आटा पूर्ण केला आणि हात परत खिशात गेले.

नळ्या जोडल्या, पाणी भरलं. मामांनी सांगितलं, आधी फक्त पंप चालवा, बाकी कशालाही वीज नको. म्हणून मी कार्डाची वीज काढून ठेवली. प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल ठेवला आणि ते दुपारभर खुर्चीत बसून त्या रुमालांकडे बघत होते. जेवायलाही घरी गेले नाहीत. चार वाजता सगळे रुमाल कोरडे. "आता लावा," म्हणाले.

मी बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच.

मामा उठून उभे राहिले होते. ते पडद्याकडे बघत नव्हते, कार्डावर त्या ओरखड्याच्या जागेकडे बघत होते. आणि इथं मी ते वाक्य बोललो. माझ्या गाढवपणाच्या पन्नास गोष्टी मी लोकांना ऐकवल्यात, पण हे वाक्य त्यांत नसतं. मी अगदी समजूतदारपणे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ द्या मामा. वयानं होतं."

"व्हय," ते म्हणाले, आणि चप्पल घालून गेले.

त्यानंतर दोन दिवस त्यांचा ओटा रिकामा होता. बिल्डरची मी कशीबशी समजूत काढली. तिसऱ्या दिवशी कार्ड दुरुस्तीला पाठवायचं ठरवून ते काढायला बसलो. आधी कार्डाची वीज काढावी म्हणून हात घातला तर केबल हाताला लागेना. लागेल कशी? ती रविवारी तपासणीसाठी मीच काढली होती आणि परत लावलीच नव्हती. ती कॅबिनेटच्या तळाशी, रुमालाखाली पडलेली होती. मी ती लावली. पडदा उजळला.

मी अनवाणीच समोर धावलो. दार मामींनी उघडलं. उंबऱ्याच्या आत मामांची हत्यारांची पिशवी दोरीनं बांधून ठेवलेली होती. मामी हळूच म्हणाल्या की वाळूजचे एक जुने सोबती येणार आहेत, त्यांना देऊन टाकायची म्हणतात. दोन दिवसांत घरातला बल्बसुद्धा त्यांनी बदलला नव्हता. शेजारच्याला बोलवा म्हणाले.

मामा आत कॉटवर बसले होते. मी सांगितलं, कार्ड जिवंत आहे, केबल माझीच राहिली होती.

ते हसले. "चांगली रचली."

"खरं सांगतोय, मामा."

"कूलरमधल्या बेडकाच्या वेळी पण असंच म्हणला व्हता. लई चांगलं मन हाय तुमचं, भाचेबुवा. जावा आता, काम करा."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला मीठ लावून विकलं की काय होतं ते बघा. एकदा बिनमिठाची गोष्ट घेऊन गेलो, तर घेणारा नाही. मग मला त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आठवलं, की त्यांच्या खात्यात एखादा म्हणाला फॉल्ट सापडला, तर त्याचं म्हणणं कुणी लिहून घेत नसे. तोच फॉल्ट त्यानं सगळ्यांसमोर पुन्हा आणून दाखवायचा, आणि पुन्हा घालवून दाखवायचा. तरच खरा.

"माझं ऐकू नका," मी म्हणालो. "फॉल्ट पुन्हा आणून दाखवतो."

त्यांनी मान वर केली. "किती वेळा?"

"तुम्ही म्हणाल तितक्या."

"तीन वेळा," ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

माझ्या खोलीत येऊन ते हात खिशात घालून उभे राहिले, चेहरा तपासणीवरच्या माणसाचा. मी मशीन बंद केलं, केबल काढली, चालू केलं. काळा पडदा. बंद करून केबल लावली. उजेड. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा केबल काढून मी मशीन चालू केलं, काळा पडदा दाखवला, बंद केलं, तेव्हा त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं. हात बाहेर काढून केबल उचलली. तिचं तोंड खोबणीपाशी जाई आणि हुके. मी पुढं झालो नाही. एवढी अक्कल मला या तीन दिवसांत आली होती. चौथ्या खेपेला ती खट् करून बसली. बटणही त्यांनीच दाबलं.

पडदा उजळल्यावर मी एक इमारत रेंडरला लावली, म्हणजे तिचं चित्र तयार करायला कार्ड पूर्ण ताकदीनं जुंपलं. मामांनी नळीवर तळवा ठेवला, जाणारी एक, येणारी एक, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी चाचरत म्हणालो की रविवारी मी जे बोललो ते चुकलं. वयाचं.

"चुकलं कशाला? वयानं व्हतंच," मामा म्हणाले. "केबल विसरणं पण वयानंच व्हतं. तुमचं वय कवळं हाय."

मग त्यांनी माझ्या बायकोकडून नेलपॉलिश मागवून घेतलं. लाल आणलेलं परत पाठवलं, पांढरट मागितलं. मला कळेना. त्यांनी सांगितलं की कारखान्यात स्क्रू तपासून पास झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढतात. ही रेघ आवळणारा ओढत नाही, जबाबदारी घेणारा ओढतो. रविवारी त्यांनी ती ओढली नव्हती, कारण मशीन चालू व्हायचं होतं.

कार्डाची पाठ वरच होती, चारही स्क्रू दिसत होते. पहिली रेघ त्यांनी एकट्यानं ओढली. ती नदीसारखी गेली. त्यांनी ती पाहिली, ब्रश परत बाटलीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनगट धर जरा."

मी धरलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बारीक होतं, आणि आतून थरथर माझ्या बोटांपर्यंत येत होती. उरलेल्या तिन्ही रेघा सरळ आल्या.

हत्यारांची पिशवी वाळूजला गेली नाही. ही गोष्ट मी गल्लीत कुणाला सांगितली नाही. पुढच्या वर्षी मामा-मामी गंगापूरला मुलाकडं राहायला गेले. तिथून आधी फोन यायचे, कार्ड किती तापतंय म्हणून. मग ते मामी करू लागल्या, आणि मग एका सकाळी मुलाचा आला.

परवा पाणी बदलायचं होतं, पेस्टही वाळली असणार, म्हणून कार्ड उघडलं. चारही रेघा मधोमध तुटल्या, अर्धी स्क्रूवर, अर्धी पत्र्यावर. साफसफाई करून ठोकळा परत बसवला आणि स्क्रू आवळायला घेतले, समोरासमोरचे, अर्धा आटा याला, अर्धा त्याला. कुठं थांबायचं ते मला आजही कळत नाही. रेघेचे दोन्ही तुकडे समोरासमोर येईपर्यंत आवळत गेलो. तीन लगेच जुळल्या. पहिलीला वेळ लागला. ती वाकडी होती ना.