नकाशात न काढलेला व्हॉल्व्ह

त्या अभ्यासक्रमाचं पत्र खरं तर माझ्या नावानं आलंच नव्हतं. ते आमच्या मुख्य अभियंत्यांच्या नावानं आलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, म्हणून त्यांनी कोपऱ्यात शेरा मारून ते माझ्या टेबलावर सरकवलं. एका विद्यापीठानं लहान शहरांतल्या अधिकाऱ्यांसाठी 'शाश्वत शहरं आणि नेतृत्व' असा वर्षभराचा अभ्यासक्रम काढला होता. दर महिन्याला एक आठवडा पुण्यात वर्ग आणि शेवटी सहा आठवडे हॉलंडमध्ये. मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या एका लहान पालिकेत पाणीपुरवठा विभागाची कनिष्ठ अभियंता होते. वय बत्तीस. राहायला भिंगारला, सासूबाई, शिक्षक नवरा आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासोबत. रोजचा एसटीचा प्रवास जाऊन-येऊन साडेतीन तासांचा.

माझी निवड झाल्याचं कळलं तेव्हा लेखा विभागातले एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं बरंय मॅडम. तुम्हाला सगळं आपसूक मिळतं." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. माझे वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी डिप्लोमाचा अभ्यास केला होता. पूर्वी मी अशा बोलण्याला उत्तर द्यायचे. त्या दिवशी दिलं नाही. चार वाजले होते आणि पाचची गाडी गाठायची होती.

ते वर्ष माझ्या आठवणीत पाय दुखण्याचं वर्ष आहे. सोमवारी पहाटे माळीवाड्याच्या स्टँडवरून पुण्याची गाडी धरायची. केडगाव मागे पडायच्या आत मला झोप लागायची आणि शिवाजीनगरला कंडक्टर खांदा हलवून उठवायचा. वर्गात भिंतींवर मोठे कागद चिकटवलेले असत. 'नेता कोणाला म्हणावं' हे आम्ही रंगीत पेनांनी लिहायचं. वर्गात पंचवीस जण, त्यात बायका तिघी. शनिवारी घरी परतले की आठवडाभराचे कपडे, मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंचं मोजकं बोलणं. "एवढं शिकून आता काय कलेक्टर व्हायचंय का?" त्या रागानं बोलत नसत, पण भाकऱ्या त्यांनाच थापाव्या लागत होत्या.

प्रत्येकानं आपल्या शहराचा एक प्रश्न घेऊन प्रकल्प करायचा होता. मी पाण्याच्या वाटपाचा नकाशा घेतला, कारण आमच्या पालिकेत तो नव्हताच. कपाटात जुन्या आराखड्याची एक निळी प्रत होती. तिची अर्धी वाळवीनं खाल्लेली आणि उरलेल्या अर्ध्यात जे रस्ते दाखवलेले होते ते गावात कुठंच नव्हते. जमिनीखाली कुठून कुठं पाइप जातो, कुठल्या चेंबरमध्ये कुठला व्हॉल्व्ह आहे, हे एकाच माणसाला माहीत होतं. ते म्हणजे आमचे पाणी सोडणारे मामा.

मामा मूळचे पुणतांब्याकडचे. गोदावरीच्या काठचा शेतकरी घराण्यातला माणूस. वाटणीला जमीन थोडी आली म्हणून तरुणपणीच पालिकेत लागलेले. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी टाकून ते पहाटे साडेपाचला निघायचे आणि गल्लीगल्लीचं पाणी उघडत, बंद करत जायचे. गावात तिसऱ्या दिवशी पाऊण तास पाणी यायचं. तो पाऊण तास कोणाचा कधी, हे त्यांच्या हातात.

मी त्यांना म्हटलं, "मामा, मला सगळे व्हॉल्व्ह दाखवा. नकाशा करायचाय."

"कशाला वो मॅडम? मी हाय की."

"तुम्ही रिटायर झाल्यावर?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. "ते बी खरंच हाय म्हना."

मग जवळजवळ तीन महिने मी आठवड्यातून दोनदा पहिली गाडी पकडून जायचे आणि त्यांच्यामागे फिरायचे. एका हातात टेप, दुसऱ्यात वही. ते चावीचं टोक व्हॉल्व्हवर टेकवून वरच्या टोकाला कान लावायचे. "आलं बगा," म्हणायचे. मी कान लावला तर मला नुसता गार लोखंडाचा वास यायचा. पंधराव्या-सोळाव्या वेळी मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. दूरवर कोणी धान्य ओततंय तसा. मी मान वर केली तेव्हा मामा हसत होते.

गावाच्या शेवटी, कालव्याच्या भरावाजवळ एका बाभळीखाली सपाट दगड होता. मामा त्यावर बसून तंबाखू मळत होते. दगडाच्या कडेला गंजलेल्या झाकणाचा कोपरा दिसला म्हणून मी विचारलं, "इथं काय आहे?"

"जुनं हाय ते. बंद. तिथं काय न्हाई आता."

ऊन चढलं होतं, चपलेचा अंगठा तुटला होता. मी वहीत 'जुना, बंद' असं लिहिलं आणि आम्ही परत फिरलो.

नकाशा झाला. ट्रेसिंग पेपरवर चार रंगांत मी तो घरीच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून काढला. मुलगी शेजारी झोपलेली असायची. त्यानंतर पासपोर्ट, व्हिसा आणि नवऱ्याच्या मित्राकडून मागून आणलेला कोट. विमानतळावर मुलगी रडली नाही. नवऱ्याचाच आवाज बसला होता.

हॉलंडबद्दल लोक मला विचारायचे तेव्हा मी कालवे, सायकली, स्वच्छता असं सांगायचे. खरं आठवतं ते दुपारी चारला पडणारा अंधार आणि दिवसभर इंग्रजी बोलून दुखणारा जबडा. नळ सोडला की पाणी यायचं. रात्री-अपरात्री, कधीही. पहिले काही दिवस मी खोलीतल्या बाटल्या भरून ठेवल्या. शेजारच्या खोलीतल्या आफ्रिकेतून आलेल्या बाईंनीही तसंच केलेलं दिसलं, तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. सहा आठवड्यांतलं मनापासूनचं हसू तेवढंच.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपला प्रकल्प मांडला. मी नकाशा भिंतीवर लावला. आमच्या प्राध्यापक बाई उंच, पांढऱ्या केसांच्या. त्या बराच वेळ चष्मा वर करून तो पाहत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "हा फार सुंदर आहे. कोणी केला?"

मी म्हणाले, "मी."

ते खोटं नव्हतं. रेघा मीच ओढल्या होत्या. पण ते बोलून झाल्यावर पुढचं वाक्य तोंडातून निघायला हवं होतं आणि ते निघालं नाही. इंग्रजी सुचलं नाही म्हणून, वेळ संपत आली होती म्हणून, टाळ्या वाजल्या म्हणून. नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. परत आल्यावर विद्यापीठानं निवडक प्रकल्पांचं पुस्तक छापलं, त्यात माझाही होता. आभारांत शेवटी एक ओळ होती: 'स्थानिक कर्मचाऱ्यांच्या सहकार्याने.'

पालिकेनं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. पुस्तक हातोहात फिरलं. दोन दिवसांनी मामा माझ्या टेबलाशी आले. त्यांनी नकाशाचं पान बरोबर उघडून ठेवलं आणि रेघांवरून बोट फिरवलं. त्यांना सगळं ओळखू येत होतं.

"माजं नाव कुठं हाय यात?"

मी ती ओळ काढून मराठीत वाचून दाखवली.

"ह्यो स्थानिक कर्मचारी कोन?"

"तुम्हीच, मामा."

"व्हय का," ते म्हणाले. पुस्तक मिटून नीट माझ्यासमोर ठेवलं आणि गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला कामापुरतं सोडून काही सांगितलं नाही. मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की प्रती छापून झाल्या आहेत, पुढच्या आवृत्तीत विचार करू. पुढची आवृत्ती निघाली नाही. ऑफिसच्या प्रतीत मी पेनानं त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी पाहिलं. "ऱ्हाऊ द्या मॅडम," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मुख्याधिकारी साहेबांनी माझा नकाशा हातात घेऊन गळती शोधायची मोहीम काढली. टाकीतून सुटणारं पाणी आणि वस्त्यांत पोचणारं पाणी यांचा मेळ सगळीकडे कमी-जास्त लागला, कालव्याकडच्या टोकाला मात्र लागेना. "तिथं कोणीतरी चोरून जोड घेतलाय," साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही शोधा. सापडलं की लाइन तोडून टाकू. तुम्ही परदेशात शिकून आलाय, एवढं तर कराल?"

मी भर दुपारी एकटीच गेले. बाभळीखालचा दगड बाजूला सारलेला होता. झाकण उचललं. खाली व्हॉल्व्हला ताजं ग्रीस लावलेलं होतं. तिथून पाइप भरावाखालून पलीकडं जात होता. भराव चढून मी पाहिलं. पलीकडं वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या माणसांची तीस-चाळीस खोपटी, आणि मधोमध जमिनीतून वर आलेलं एक तोटी नसलेलं नळकांडं. भोवती हंड्यांची रांग लावलेली, बायका सावलीत बसलेल्या.

एकीनं मला ओळखलं असावं, किंवा माझ्या हातातली वही ओळखली. ती उठून पुढं आली. "बाई, बंद कराया आलात का?"

"पाणी कधी येतं?" मी विचारलं.

"मामा सोडत्यात. तासभर. कवा दुपारी, कवा सांजच्याला." मग जरा थांबून, "आमी कुनाचं घेत न्हाई. उरलेलं सोडत्यात ते."

मी भराव उतरले. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकू देत नसत. काठाशी बसून राहायचं, कोणाला दया आली की वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. आईनं हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही तांदूळ निवडता निवडता. चालताना ते आठवत राहिलं आणि मला मामांचा रागही येत राहिला. त्यांनी माझ्याशी खोटं बोलून माझा नकाशा चुकवला होता.

मी सरळ त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर बसले होते. मामींनी पाणी दिलं. मी ते हातात घेऊनच म्हणाले, "बाभळीखालचं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी काडलं असतं."

"काढलंच असतं. त्यासाठीच फिरत होते ना मी?"

"मग?" मामा म्हणाले. "कागदावर आलं की ते सायबाच्या टेबलावर जातं. आन सायबाच्या टेबलावर गेलं की तिथल्या बायकांनी कालव्यातलं पानी प्यायचं. धा वरसं झाली, मी सोडतोय. एका सालात तिथं पोरं हगवनीनं गेल्ती. मी डोळ्यानं बगितलं हुतं. तवाच जुनी लाइन दुरुस्त केली, माज्या हातानं."

"मला विश्वासात घेऊन सांगायचं. मी काय साहेबांची माणूस आहे?"

"मला काय ठावं, तुमी कुनाच्या हाय ते? तुमी नकाशा घिऊन इमानात बसलात."

मामींनी चहा टाकला होता. तो आम्ही तिघांनी घेतला. उठताना मी म्हटलं, "सोडत राहा." मामांनी मान हलवली.

मी साहेबांना लिहून दिलं की त्या टोकाला जुनी वाहिनी झिरपते आहे, शोध चालू आहे. नोकरीतलं माझं हे पहिलं खोटं कागदपत्र. नेतृत्वाच्या वर्गात यावर कोणी काही शिकवलं नव्हतं. शोध दोन वर्षं चालू राहिला. साहेब बदलून गेले, नवे आले, त्यांना मी तेच सांगितलं. दरम्यान त्या वस्तीला दोन सार्वजनिक नळ द्यावेत असा प्रस्ताव मी रीतसर तयार केला. तो पाटबंधारे खात्याकडे गेला कारण जमीन त्यांची, तिथून परत आला कारण रस्ता आमचा. मी पुन्हा पाठवला. पुन्हा आला. काही वेळा मला वाटायचं, सोडून द्यावं. काही महिने मी खरंच सोडूनही दिलं. मग एखाद्या दुपारी फाइल डोळ्यांसमोर यायची आणि मी शिपायाला हाक मारून नवं पत्र टाइप करायला सांगायचे.

मामा निवृत्त झाले. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी नव्या माणसाला सगळं गाव दाखवलं आणि शेवटच्या दिवशी बाभळीखाली नेताना मलाही बोलावलं. नवा माणूस चावी फिरवत होता, मामा उभे राहून नुसते बघत होते. नंतर ते पुणतांब्याला राहायला गेले. मी एकदा जाऊन आले, पुन्हा जाणं झालं नाही.

प्रस्ताव मंजूर झाला तो निवडणुकीच्या तोंडावर. नगराध्यक्षांनी फीत कापली, तोटीला हार घातला आणि भाषणात आमच्या अभियंता मॅडमच्या परदेशी शिक्षणाचा गावाला झालेला फायदा सांगितला. मी मागे उभी होते. भाषण संपायच्या आत हंड्यांवरून दोन बायकांचं भांडण जुंपलं, कारण एका तोटीला धार बारीक होती. मी नव्या माणसाला व्हॉल्व्ह अजून दीड फेरा उघडायला सांगितलं, धार बघितली आणि स्टँडवर आले.

गाडीत राहुरीपर्यंत उभीच होते. घरी पोचले तेव्हा नवरा मुलीचं पाढ्यांचं पाठांतर घेत होता.

"काय झालं आज?" त्यानं विचारलं.

"नळ सुरू झाले," मी म्हणाले. सासूबाईंनी ताट वाढायला घेतलं होतं. मी त्यांना म्हटलं, जरा वेळानं जेवते, आणि आत जाऊन साडी न बदलताच आडवी झाले.