मामीकडं मागून घेतलेलं मीठ

मंडळी, दुपारपासून मान वर करायची लाज वाटतीय, म्हणून लिहितोय.

आज शाहूपुरीत मामांकडं जेवायला गेलतो. मामांना शुगर हाय, बीपी हाय, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, हे सगळं मला माहीत होतं. तरी पहिल्याच घासाला मी नेहमीसारखा मोठ्यानं बोललो, "मामी, मीठ विसरलीस काय गं? रस्सा पार अळणी झालाय की!"

मामाच हसून म्हणाले, "आता घरात सगळीच असलं खात्यात रं. मला एकट्याला येगळं वाढाय नको म्हणून."

तिथं तरी मी गप बसायला पायजे होतं. पण म्हटलं, "मग माझ्यापुरतं तरी आण की."

जेवायला बसलेल्याला नाही कसं म्हणायचं? मामीनं फळीवरच्या डब्यांमागं लपवलेलं मीठ काढलं आणि वाटीत घालून आणलं. मी भुरके मारत होतो. मामा वाटीकडं बघत बसले. मग हळूच चिमूट उचलून म्हणाले, "आज भाचा आलाय. एक दिवस चालतंय."

दुसऱ्या चिमटीला त्यांनी मामीकडं बघितलंच नाही. ती उठून आत गेली.

निघताना दारात मामी एवढंच म्हणाली, "लई दिसांनी सवय मोडलेली रं ह्यांची."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मागून खाल्लेल्या या मिठाला मी आता कसा जागू, सांगा.