पारावरचा सिलोनी रेडिओ

प्रेमदास सिलोनला जाऊन आला, हे वडनेरात कोणाला खरंच वाटेना. तोवर आमच्या वस्तीतला माणूस लांबात लांब गेला तो नागपूरला, दीक्षेला. प्रेमदास माझा चुलतभाऊ, हिंगणघाटच्या गिरणीत कामाला. दीक्षेनंतरच्या साली, वस्तीत शिकवायला येणारे भंतेजी बुद्धजयंतीला सिलोनला निघाले आणि स्वयंपाकाला, सामान उचलायला म्हणून त्यांनी ह्याला सोबत घेतलं. धनुष्कोडीला बोटीत बसताच ह्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. समुद्र कसा असतो विचारलं, तर म्हणायचा, "मले काय मालूम? मी त बादलीतच पाहून राह्यलतो."

एक गोष्ट मात्र तो हसत सांगत नसे. कँडीजवळच्या खेड्यात एका सुताराच्या विधवेकडे मुक्काम होता. पहिल्या दिवशी तिनं पाणी आणलं, तेव्हा हा सवयीनं उकिडवा बसला आणि ओंजळ पुढे केली. बाईला काही कळेना. तिनं पेला त्याच्या हातात दिला, आणि त्याचं पिऊन झाल्यावर तोच भरून स्वतः प्यायली. "तू कोनाचा, हे तिथं कोनी पुसलंच नाई, कवडू," तो मला म्हणाला.

त्या घरात दिवा रॉकेलचा, पण रेडिओ होता. लाकडी पेटीचा, बॅटरीवर चालणारा. पौर्णिमेला त्यावर भिक्खूंचा परित्राण पाठ लागे, संकट टळावं म्हणून म्हणतात तो. घरचे लोक रेडिओपाशी पाणी ठेवत आणि पाठ संपला की ते सगळे पीत. कोणी मरणाला टेकलं असेल तर रेडिओ त्याच्या कानाशी नेत. गेलेल्या नवऱ्याचा रेडिओ आता ऐकवत नाही म्हणून बाईनं हा निघताना तो ह्यालाच दिला.

हे सगळं प्रेमदासनं आल्याआल्या आईला सांगितलं. पंचफुलाकाकीनं मुलाच्या शब्दाखातर घरातले देव नदीत सोडले होते, पण भीती सुटली नव्हती. "मरीमायले मी माया हातानं बुडवलं. आता मरताना मले न्यायले कोन येईन?" ती म्हणाली. प्रेमदासनं शब्द दिला, "तिकडचा आवाज येईन, माय. मी तुया कानाशी ठेवीन."

म्हातारीनं ते मनात धरलं. आता आवाज यायचा तो बहुतेक सिनेमाच्या गाण्यांचाच. पण आषाढी पौर्णिमेला पहाटे खरखरीतून पाठासारखं काही आलं, आणि काकी उठून बसली. "येते," ती म्हणाली, "पन लय दुरून येते." बॅटरी एकच होती. ती काकीसाठी जपायची, असं ठरलं.

मग किसनरावांचा निरोप आला. गावात मोठी शेती त्यांची, चावडीपुढच्या पारावर बैठकही त्यांचीच. "तुमच्या मोहल्ल्यात आमाले बसता येत नाई," ते म्हणाले, "रेडिओ इकडं आनत जा. रेडिओले काई विटाळ नाई." प्रेमदास गिरणीतून आला की रोज संध्याकाळी रेडिओ पारावर ठेवू लागला. रेडिओ वर, मंडळी वर, आणि हा खाली उभा राहून हात लांब करून बटण फिरवायचा. मला ते बघवत नसे, शिवाय काकीसाठी जपायची बॅटरी तिथं जळत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी त्याला तोंडावर म्हटलं.

"आज रेडिओ बसला," तो म्हणाला, "उद्या आपन बसू. सिलोनात बसलो ना मी?"

दिवाळीआधी एका गाण्याच्या मध्येच बॅटरी संपली. काकीनं तेव्हा अंथरूण धरलं होतं. आम्ही हिंगणघाट पालथं घातलं, वर्ध्याला गेलो. दुकानदारानं पेटी उलटी करून पाहिली आणि सांगितलं, "हे इथलं नाई. याले आपली बॅटरी बसत नाई."

परत आलो तेव्हा काकीला श्वास लागला होता. "आवाज आला का?" तिनं विचारलं. प्रेमदासनं रेडिओ तिच्या कानाशी ठेवला, शेजारी पाण्याचा गडवा ठेवला आणि बटण फिरवलं. मुकी पेटी ती, काय बोलणार?

"मले काऊन आयकू येत नाई रे?"

"चालू आहे, माय. तुले कमी आयकू येते."

काकीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी हात जोडले. मग घरातल्या सगळ्यांनीच जोडले, ऐकू येत असल्यासारखे. तिनं ते पाणी घोटभर घेतलं. तिची भीती गेली की नाही, देव जाणे म्हणायचीही आता सोय नाही. दुपारी ती गेली.

माती देऊन आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किसनरावांचा माणूस दारात. "बॅटरी भेटली का, म्हनून पुसलं."

प्रेमदासनं रेडिओ उचलला. मी मागं गेलो. पारापाशी तो थांबला नाही. पायरी चढला, रेडिओ जागेवर ठेवला आणि त्याला टेकून मांडी घालून बसला. किसनराव त्याच्याकडे बघत राहिले. शिवी नाही, हात उचलणं नाही. एकेक माणूस धोतर झटकून उठला आणि घरी गेला. अंधार पडेपर्यंत दोघेच पारावर होते, तो आणि ती पेटी.

सकाळी किसनरावांच्या माणसांनी पार गोमूत्र टाकून धुऊन काढला. रेडिओ रोज बसायचा, तेव्हा कोणी पार धुतला नव्हता.